कापण्याआधीचे प्रश्न

पत्र (थोडं संक्षिप्त करून)

नमस्कार सर,

मी मराठवाड्यातल्या एका शासकीय महाविद्यालयात एमएस सर्जरीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात आमच्या युनिटमध्ये लिंगाच्या कॅन्सरचे एक रुग्ण होते. वय ५८, शेतकरी. गाठ टोकाला, साधारण दोन सेंटिमीटरची. युनिटनं लिंग पूर्ण काढलं आणि लघवीचा मार्ग खाली, बैठकीच्या जागी आणून दिला. टाके काढताना त्यांनी मला हळूच विचारलं, ‘‘बाई, आता जन्मभर बसूनच का?’’ मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘जीव वाचला ना? मग झालं तर.’’

तेव्हापासून डोक्यात एकच आहे. कॅन्सर जाईल आणि अवयव चालता राहील अशी शस्त्रक्रिया शिकायची. त्यासाठी पुढची एमसीएच पदवी युरोलॉजीत (मूत्रविकार) करू की सर्जिकल ऑन्कोलॉजीत (कॅन्सरच्या शस्त्रक्रिया)? रोबोटशिवाय हे काम होतं का? परदेशी जावं लागेल का? पुरुष रुग्ण या गोष्टी एका बाईशी बोलतील का? आणि एवढं शिकून परत इकडेच आले तर पोट भरेल का?

– एक निवासी डॉक्टर

उत्तर

तुझ्या सरांवर फार चिडू नकोस. त्यांच्या पिढीनं जांघेत फुटलेल्या गाठींचे रुग्ण वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या खाटेवर महिनोन् महिने पाहिले आहेत. वासामुळे शेजारची खाट रिकामी ठेवावी लागायची. गाठीनं मांडीची मोठी रक्तवाहिनी पोखरली की माणूस काही मिनिटांत जातो. ज्यानं हे पाहिलंय त्याला दोन बोटं जास्त कापल्याचं वाईट वाटत नाही. शिवाय त्यांना शिकवलेला नियमच तसा होता : गाठीच्या कडेपासून दोन सेंटिमीटर निरोगी भाग काढायचाच. तो नियम आता राहिलेला नाही. काही मिलिमीटरची स्वच्छ कड पुरते, हे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुरेसं स्पष्ट झालं आहे.

पण ‘जीव वाचला’ हे त्यांना आजच कसं कळलं? आणि इथे मला तुलाही एक टोचायचं आहे. लिंगाच्या कॅन्सरमध्ये मरण येतं ते जांघेतल्या लसिका ग्रंथींच्या वाटेनं. लिंगावरच्या गाठीनं सहसा कोणी मरत नाही. तू पत्रात गाठीचं माप दिलंस, टाके काढताना त्यांनी काय विचारलं ते लिहिलंस, सरांचं वाक्य जसंच्या तसं लिहिलंस. जांघ तपासली का, ग्रंथी लागल्या का, बायोप्सीत गाठ किती खोल गेली होती, ग्रेड काय आली, म्हणजे पेशी किती आक्रमक आहेत, यातलं काहीच नाही. म्हणजे जे राखता आलं असतं ते कापलं गेलं, आणि ज्यानं जीव जाऊ शकतो तिकडे कोणी पाहिलं की नाही तेच कळत नाही. अवयव राखण्याची आवड असलेल्या सर्जनला सगळ्यात मोठा धोका याच ठिकाणी असतो. नजर अवयवावर खिळते आणि रोग दुसऱ्या दारानं आत येतो.

तेव्हा आधी त्या गृहस्थांना फोन करून बोलावून घे. दोन्ही जांघा नीट तपास. पॅथॉलॉजीचा कागद काढ. गाठ खोल गेली असेल किंवा ग्रेड वाईट असेल, तर हाताला काही लागत नसलं तरी ग्रंथींचा विचार आत्ताच करावा लागतो. वाट पाहून, गाठी मोठ्या झाल्यावर केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा आधी केलेली शस्त्रक्रिया जास्त जीव वाचवते. ती तुमच्याकडे होत नसेल तर जिथे होते तिथे पाठव, आणि चिठ्ठी लिहून मोकळी होऊ नकोस, ते पोचले का तेही बघ. लघवीची धार बारीक होतेय का ते विचार, कारण खाली आणलेलं तोंड आकसतं. त्यांच्या प्रश्नाचं उत्तरही दे. हो, बसूनच. ते सरळ सांग आणि त्यांच्या बायकोलाही आत बोलावून सांग. घरात हे तिलाच सांभाळायचं आहे आणि बहुतेक तिला कोणी काहीच सांगितलेलं नसेल.

आता त्या गाठीचं दुसरं काय करता आलं असतं ते बघू. फक्त पुढच्या कातडीवर असती तर सुंता करून भागलं असतं. टोकाला, वरवर असती तर टोकाचं आवरण काढून मांडीच्या कातडीचा पातळ थर लावता आला असता, किंवा नुसतं टोक काढून मागचा दांडा तसाच ठेवता आला असता. काही जणांना आतून किरणोत्सर्गाच्या सुया देऊनही चालतं. अगदीच जमलं नाही तर अर्धवट छेद, पण उभं राहून धार नेमकी पाडता येईल एवढी लांबी ठेवून. हे सगळं जुनं आणि पुस्तकातलं आहे आणि यातल्या कशालाही रोबोट लागत नाही. मग तुमच्याकडे का होत नाही? एक कारण म्हणजे सवय. दुसरं कारण मात्र खरं आहे आणि सरांच्या बाजूचं आहे : राखलेल्या लिंगावर गाठ परत येण्याचं प्रमाण पूर्ण छेदापेक्षा जास्त असतं. ती लवकर सापडली तर पुन्हा काढता येते आणि आयुष्यावर फारसा परिणाम होत नाही. पण लवकर सापडायला रुग्ण परत यावा लागतो. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी.

तुझ्या भागातून दिवाळीच्या सुमारास टोळ्याच्या टोळ्या ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. ऑगस्टमध्ये शस्त्रक्रिया झालेल्या बीडच्या माणसाचा दुसरा फॉलो-अप कोल्हापूरकडच्या फडात येतो. तो येणार नाही. तो बेफिकीर आहे म्हणून नव्हे, त्यानं मुकादमाची उचल घेतलेली आहे. म्हणून अवयव राखायचा की नाही हे ठरवताना सीटी स्कॅनइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो, ‘‘हंगामात कुठे असता?’’ उत्तर ऐकून कधी तू फडाजवळच्या एखाद्या डॉक्टरशी बोलून ठेवशील, कधी स्वतःची जांघ स्वतः कशी चाचपायची ते रुग्णाला शिकवशील, आणि कधी नाइलाजानं जास्त कापशील. तिसरा निर्णयसुद्धा चांगल्या सर्जनचाच असतो, दुसरे दोन रस्ते तपासून झालेले असले तर.

या क्षेत्रातली सगळ्यात गाजलेली गोष्ट तुला ठाऊक असेलच, पण ती बहुधा शस्त्रक्रियेची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला ती ओपीडीची गोष्ट वाटते. प्रोस्टेट म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाखालची ग्रंथी; तिच्या कॅन्सरसाठी ती पूर्ण काढण्याची शस्त्रक्रिया ह्यू हॅम्प्टन यंग यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये १९०४ साली केली. त्यानंतर पाऊणशे वर्षं ती जवळपास प्रत्येक पुरुषाचं लैंगिक आयुष्य संपवत राहिली, आणि बऱ्याच जणांच्या लघवीवरचा ताबाही घेऊन गेली. सगळ्यांचं उत्तर ठरलेलं होतं : नसा ग्रंथीतूनच जातात, त्यांना इलाज नाही. १९७० च्या दशकात त्याच रुग्णालयात पॅट्रिक वॉल्श यांनी शस्त्रक्रिया केलेला एक रुग्ण काही महिन्यांनी तपासणीला आला आणि म्हणाला, माझं सगळं पूर्वीसारखं आहे. दुसऱ्या कोणी ते हसून सोडून दिलं असतं. वॉल्श यांना प्रश्न पडला की नसा जर खरंच ग्रंथीतून जात असतील, तर या एकाच्या वाचल्या कशा?

उत्तर नेदरलँड्समधल्या लायडेनमध्ये मिळालं. १९८१ मध्ये ते तिथे गेले असताना पीटर डोंकर या निवृत्त युरोलॉजिस्टशी गाठ पडली. डोंकर मृत जन्मलेल्या अर्भकांच्या शरीरात ओटीपोटातल्या नसांचं विच्छेदन करत बसायचे. प्रौढ शवात चरबी आणि चिवट ऊती यांत त्या बारीक नसा हाती लागत नाहीत, अर्भकात स्पष्ट दिसतात. दोघांनी मिळून त्यांचा माग काढत नेला, तेव्हा दिसलं की त्या ग्रंथीच्या आवरणाबाहेरून, मागच्या दोन्ही कडांनी जातात. पुढच्याच वर्षी, १९८२ च्या एप्रिलमध्ये, वॉल्श यांनी त्या जाणूनबुजून वाचवून पहिली शस्त्रक्रिया केली. त्याआधी रक्तस्राव आटोक्यात आणण्याचं काम त्यांनी केलं होतं म्हणूनच हे शक्य झालं. रक्तानं भरलेल्या खड्ड्यात केसाएवढी नस कोणाला दिसणार?

पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट केली. ती फारशी सांगितली जात नाही, पण तुझ्या उपयोगाची तीच आहे. त्यांनी आपल्या शस्त्रक्रियांचं चित्रण करून ठेवलं. रुग्णांचं काय झालं ते पुरेशा काळानंतर कळल्यावर, ज्यांचं कार्य परत आलं आणि ज्यांचं आलं नाही त्यांची चित्रणं ते पुन्हा बघत बसले, आपला हात नेमका कुठे वेगळा पडला ते शोधत. आज तुझ्या खिशातल्या मोबाइलनंही हे होतं. रुग्णाची लेखी परवानगी घे, चेहरा-नाव येऊ देऊ नकोस आणि पहिल्या केसपासून सुरू कर.

प्रोस्टेटबद्दल एवढं आणखी लक्षात ठेव, की अवयव राखण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय शस्त्रक्रिया न करणं हा आहे, आणि बऱ्याच जणांना तो लागू पडतो. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट या अभ्यासात १,६४३ पुरुषांना तीन वाटा दिल्या गेल्या : शस्त्रक्रिया, रेडिएशन किंवा नुसती देखरेख. २०२३ मध्ये पंधरा वर्षांचा निकाल आला. तिन्ही गटांत प्रोस्टेटच्या कॅन्सरनं गेलेले शंभरात साधारण तीनच. देखरेखीच्या गटात रोग पसरण्याचं प्रमाण जास्त होतं हेही खरं, आणि हे रुग्ण मुख्यतः लवकर सापडलेले होते. आपल्याकडे पाठीच्या कण्यात पोचलेला रोग घेऊन येणारा म्हातारा या आकड्यात बसत नाही. पण शहरात पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी करून घेऊन घाबरून आलेला साठीचा निवृत्त शिक्षक बसतो. त्याला ‘थांबूया, दर काही महिन्यांनी भेटूया’ असं सांगणं ही तुझ्या करिअरमधली अवघड शस्त्रक्रिया असेल, आणि तिचे पैसे मिळत नाहीत.

किडनीचं थोडक्यात सांगतो, कारण इथे वाद बराच मिटलाय. १९६० च्या दशकात टोरंटोच्या रॉब्सन यांच्या पद्धतीनं गाठीसकट पूर्ण किडनी, भोवतीची चरबी, सगळं काढायचा प्रघात पडला. तेव्हा गाठी मोठ्याच सापडायच्या. आता पित्ताशयासाठी केलेल्या सोनोग्राफीत तीन सेंटिमीटरची गाठ निघते, आणि चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीसाठी शक्य तिथे फक्त गाठ काढून किडनी राखणं हाच मान्य रस्ता आहे. गंमत अशी की युरोपातल्या ज्या मोठ्या अभ्यासात दोन्ही पद्धती समोरासमोर तोलल्या गेल्या, त्याचा निकाल २०११ मध्ये आला तेव्हा किडनी राखलेल्यांचं आयुष्यमान जास्त निघालं नाही. त्यांच्या किडनीचं काम मात्र चांगलं राहिलं होतं. कॉन्फरन्समध्ये हा निकाल कोणी आवडीनं सांगत नाही. तू दोन्ही गोष्टी लक्षात ठेव. समोर मधुमेह आणि रक्तदाब असलेला पन्नाशीचा माणूस असेल, जवळचं डायलिसिस केंद्र साठ किलोमीटरवर असेल, तर किडनीतली एक-एक गाळणी, एक-एक नेफ्रॉन वाचव. ऐंशीच्या आजोबांच्या अवघड जागच्या गाठीसाठी तासभर जास्त भूल देऊन किडनी वाचवण्याचा हट्ट धरू नकोस. त्यांच्या गाठीवर नुसती नजर ठेवूनही भागेल कदाचित.

लघवीच्या पिशवीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, त्यातही बायकांबद्दल.

वरवरच्या कॅन्सरमध्ये पिशवी वाचवणारं औषध आपल्या दारात आहे. लहानपणी डाव्या दंडावर जी लस टोचतात ती बीसीजी. १९७६ मध्ये कॅनडातल्या किंग्स्टनच्या आल्वारो मोरालेस यांनी ती नळीवाटे मूत्राशयात सोडून गाठी परत येणं कमी होतं हे दाखवलं. जगात तिचा तुटवडा वारंवार पडतो. आपली पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट मूत्राशयासाठीची बीसीजी बनवते. औषध आहे, तरी पिशव्या जातात, कारण पहिली दुर्बिणीची शस्त्रक्रिया घाईत झालेली असते. खरवडलेल्या तुकड्यात स्नायूचा थरच आलेला नसतो, मग रोग किती खोल आहे ते कोणालाच कळत नाही. पुन्हा चार-सहा आठवड्यांनी आत बघायचं राहून जातं. मूत्राशय राखण्याचं निम्मं काम ही ‘किरकोळ’ समजली जाणारी, हाऊसमनच्या हाती सोपवली जाणारी शस्त्रक्रिया करते. ती मन लावून शिक.

रोग स्नायूत उतरला की पूर्वी एकच उत्तर होतं : पिशवी काढणं. आता निवडक रुग्णांत आतून जमेल तेवढी गाठ पूर्ण खरवडून, मग केमो आणि रेडिएशन एकत्र देऊन पिशवी ठेवता येते. निवडक म्हणजे कोण? गाठ एकच, किडनीला सूज नाही, पिशवीचं अस्तर सगळीकडे बिघडलेलं नाही आणि पिशवी मुळात नीट चालणारी. जी दर दहा मिनिटांनी रक्ताची लघवी करवते ती पिशवी राखून काय राखलं? आणि इथेही रुग्णाला पुढे वर्षानुवर्षं दुर्बिणीनं तपासायचं असतं. गाठ परत आली तर पिशवी काढावी लागते, हे आधीच सांगायचं असतं.

काढावीच लागली तर आतड्याची नवी पिशवी बनवून ती मूळ मार्गाला जोडता येते. बर्नचे उर्स श्टुडर आणि उल्मचे हाउटमान यांनी १९८० च्या दशकात हे बसवलं. दिसायला फार सुंदर शस्त्रक्रिया आहे. तरुण सर्जनला हीच करायची असते. पण त्या पिशवीला भरल्याचं नीट कळत नाही. रात्री गजर लावून उठावं लागतं, आणि काहींना स्वतः नळी घालून रिकामी करावी लागते. हे जमणार नसेल तर लघवीचं तोंड पोटावर काढून त्यावर बाहेरून चिकटवायची पिशवीच बरी. ब्रिकर यांनी १९५० मध्ये रूढ केलेली ती साधी पद्धत आजही जगभर हजारो लोक वापरतात आणि सुखानं जगतात. फक्त त्या चिकटणाऱ्या पिशव्या महिन्याला किती लागतात, तालुक्याला मिळतात का, उन्हात शेतात घाम आल्यावर टिकतात का, याची चौकशी शस्त्रक्रियेआधी कर.

आणि बायका. स्त्रीचं मूत्राशय काढताना गर्भाशय, बीजकोश, योनीची पुढची भिंत हे सगळं एकत्र काढायचं असंच वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. पुरुषाच्या नसा वाचवायला जगभर परिषदा भरल्या. बाईला मात्र ‘आता वय झालंच आहे’ एवढंच ऐकायला मिळालं. तिला विचारलंच जात नाही. गाठ पिशवीच्या मागच्या भिंतीवर किंवा तोंडाशी नसेल, तर निवडक बायकांत हे अवयव राखता येतात, आणि तिकडे हल्ली कुठे लक्ष जाऊ लागलं आहे. पन्नास वर्षांच्या बाईला ‘यानंतर नवऱ्याजवळ जाता येईल का’ हा प्रश्न असतो. ती तो पुरुष सर्जनला मरेपर्यंत विचारणार नाही. तुला विचारेल. या एका कारणासाठी तरी या क्षेत्रात बायका यायला हव्यात.

वृषणाच्या कॅन्सरचं एकच : केमो सुरू होण्याआधी वीर्य साठवण्याबद्दल मुलाशी बोल. वीस-बावीसचं पोरगं असतं, लग्न ठरायचं असतं, बाजूला वडील बसलेले असतात. वडिलांना चहा प्यायला पाठव.

आता तुझे प्रश्न.

नीट-एसएसच्या, म्हणजे एमसीएचच्या प्रवेश परीक्षेच्या वेळी दोन्ही दारं उघडी असतील, दोन्ही तीन वर्षांची. माझं मत युरोलॉजीकडे झुकतं. दुर्बिणीचं काम, स्टेंट, मूत्रमार्गाची दुरुस्ती, आतड्याची पिशवी, नंतर येणारी गळती आणि आकसलेले मार्ग निस्तरणं, हे सगळं युरोलॉजीत हाताखालून जातं, आणि कार्य राखायचं म्हणजे यातलं बरंच करता यायला हवं. सर्जिकल ऑन्कोलॉजीवाल्यांकडे एक गोष्ट असते जी युरोलॉजीत कमी मिळते : केमो आणि रेडिएशनवाल्यांबरोबर एका टेबलाशी बसून भांडायची सवय. म्हणून युरोलॉजीनंतर वर्ष-दोन वर्षं परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी, जिथे फक्त कॅन्सर बघतात, युरो-ऑन्कोलॉजीत काढ. फेलोशिप निवडताना भिंतीवरच्या पाट्या बघू नकोस. आदल्या वर्षीच्या फेलोला गाठून विचार, ‘‘स्वतःच्या हातानं किती केल्यास? सरांनी किती वेळा हातातलं काढून घेतलं?’’

अनुभवाच्या संख्येला पर्याय नाही, हे कडू आहे पण मोजलेलं आहे. अमेरिकेतल्या ७२ सर्जनांनी केलेल्या ७,७६५ प्रोस्टेट शस्त्रक्रियांचा हिशोब २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा शस्त्रक्रियांचा अनुभव असलेल्याच्या रुग्णांत पाच वर्षांत रोग परतण्याचं प्रमाण साधारण १८ टक्के, अडीचशे केलेल्याच्या रुग्णांत ११ टक्क्यांच्या आत. याचा जिल्ह्याच्या ठिकाणी अर्थ काय? वर्षाला प्रोस्टेटच्या दोन-तीनच केस मिळणार असतील तर त्या तू करू नकोस, जिथे रोज होतात तिथे पाठव. तुझ्याकडे जे रोज येतं, लिंग, मूत्राशय, किडनी, त्यात निष्णात हो.

रोबोट : सोय आहे. डेट्रॉईटमध्ये मणी मेनन यांनी, म्हणजे आपल्याकडेच शिकलेल्या माणसानं, प्रोस्टेटसाठी तो या शतकाच्या सुरुवातीला रुजवला. रक्त कमी जातं, रुग्ण लवकर घरी जातो. पण ब्रिस्बेनमध्ये खुली आणि रोबोटिक शस्त्रक्रिया समोरासमोर तोलल्या, तेव्हा दोन वर्षांनंतरही लघवीचा ताबा आणि लैंगिक कार्य दोन्हीकडे सारखंच निघालं. मिळाला तर शिक. नाही म्हणून अडून बसू नकोस. फ्रोझन सेक्शन सांगणारा, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असतानाच कड स्वच्छ आहे का ते तपासून सांगणारा पॅथॉलॉजिस्ट मात्र सोडू नकोस. तुझ्या गावात तो नसेल तर जखम लगेच बंद न करता कडेचा रिपोर्ट येईपर्यंत थांबून दुसऱ्या टप्प्यात काम पुरं करता येतं, लिंगाच्या बाबतीत तर नक्कीच.

परदेश : निरीक्षक म्हणून तीन महिने गेलीस तर खूप दिसेल, हात लावायला मिळणार नाही. ते शिकून झाल्यावर कर, आधी नको. स्वतः चुकत-चुकत केलेलं असलं की दुसऱ्याच्या हातातलं काय बघायचं ते कळतं.

पुरुष बोलतील का? बोलतात. पहिल्या भेटीत नाही, तपासणीच्या पडद्याआड तर नाहीच. ‘संसाराचं काय?’ असं आडवळणानं विचारतील, तेव्हा ‘कसला संसार?’ असं विचारू नकोस. सगळ्यांना विचारायचा तोच प्रश्न सरळ शब्दांत, फॉर्म भरत असल्यासारखा, प्रत्येकाला विचार : लघवी किती वेळा, कपडे ओले होतात का, ताठरता येते का. शस्त्रक्रियेच्या आधी विचारून लिहून ठेव, नाहीतर नंतर काय गेलं ते तुला कळणारच नाही. ज्या थोड्या महिला युरोलॉजिस्टांबरोबर मी काम केलं, त्यांच्या ओपीडीत पुरुष आमच्यापेक्षा जास्त बोलायचे असं माझं निरीक्षण आहे. दुसऱ्या पुरुषासमोर ‘जमत नाही’ म्हणायची लाज बहुधा जास्त मोठी असावी. त्रास झालाच तर रुग्णांकडून कमी आणि चहाच्या टेबलावरच्या सहकाऱ्यांकडून जास्त होईल. त्याला तोंड द्यायला तू मला विचारायची गरज नाही, सर्जरीची तीन वर्षं काढली आहेस.

शेवटचा, पैशाचा. कॅन्सरच्या रुग्णांवर तिकडे घर चालणार नाही. बहुतेक जण महात्मा फुले योजनेतून येतील. योजनेची मर्यादा आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख झाली आहे, रुग्णाच्या दृष्टीनं उत्तमच, पण पॅकेजमधून सर्जनच्या हाती काय उरतं ते तुझ्या भागातल्या कोणत्याही हॉस्पिटलमालकाला विचार. तुझं पोट मुतखडे भरतील. मराठवाड्याच्या उन्हात त्यांना तोटा नाही. आठवड्यातले चार दिवस खडे आणि म्हाताऱ्यांच्या वाढलेल्या प्रोस्टेट, दोन दिवस कॅन्सर, अशी विभागणी करणारे मी पाहिलेत आणि ते समाधानी आहेत. रेडिएशनसाठी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाशी पहिल्या महिन्यातच ओळख करून घे. कर्ज काढून स्वतःचं हॉस्पिटल लगेच बांधू नकोस. एखाद्या चालत्या हॉस्पिटलात, जिथे सीटी आणि योजनेची मान्यता आधीच आहे, तिथे बस. दुर्बीण आणि खरवडण्याच्या साधनांचा संच मात्र स्वतःचा घे, कारण भाड्याच्या बोथट साधनांनी स्नायूचा थर नीट येत नाही.